बगळीचा तांबडा दिवा

दहिवडी मागे टाकून दहा-पंधरा मिनिटं झाली होती. चढ संपत आला आणि बगळी पहिल्यांदा ठसकली. सावरली, पुन्हा ठसकली, आणि माथ्याच्या चार हात अलीकडे येऊन गप्प झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बगतो," म्हणून आण्णांनी चावी फिरवली. सेल्फनं नुसतं 'कट्' केलं आणि तेवढ्यावरच भागवलं.

बगळी म्हणजे आमची गाडी. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, तीन मालकांना पुरून उरून आमच्याकडे आलेली. माझे वडील, आण्णा, ती म्हसवडच्या स्टँडवर भाड्यानं चालवायचे. सत्याऐंशी सालचा मे महिना, ऐन लग्नसराई. तरी त्या सोमवारी आण्णांनी हातातलं एक वऱ्हाड सोडून दिलं होतं, कारण मला साताऱ्याला आयटीआयत हजर व्हायचं होतं. वायरमनचं काम शिकवायला माझी निवड झाली होती, आणि हजर होण्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपत होती. साडेपाचनंतर यादीतलं पुढचं नाव.

मुदत अशी काठावर येण्याचं श्रेय फलटणच्या मामांचं. आयटीआय मी त्यांच्याकडे राहून केलं होतं, म्हणून हुकूम त्यांच्या पत्त्यावर आला होता. मामांनी तो हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवला आणि 'शनिवारी लग्नाला म्हसवडला जायचंच आहे, तेव्हा हातोहात देऊ' म्हणून पाच दिवस सांभाळला. शनिवारी पेढ्यांसकट आणून दिला. माझे मामा देवमाणूस, पण देवासारखंच त्यांनाही वेळेचं काही वाटत नसे.

"बॅटरी गेलीय, आण्णा," मी म्हणाले. "दिवाळीपासून सांगतेय, बदला."

"आसंल," आण्णा म्हणाले.

एवढंच. एरवी बगळीच्या बॅटरीला कुणी नाव ठेवलं तर आण्णा अर्धा तास तिची बाजू मांडायचे. ती कधी आणली, कुठल्या घाटात कशी टिकली, सगळं. तेव्हा मला त्या 'आसंल'मध्ये काही वावगं वाटलं नाही. उलट, पटलं एकदाचं, असंच वाटलं.

नव्या साडीचा पदर खोचून मी मागून जोर लावला, आण्णांनी दारातून. माथ्यावर येताच ते टुणकन आत बसले, मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं चढले. उताराला त्यांनी दुसऱ्या गिअरात क्लच सोडला आणि बगळीनं आवाज धरला.

समोर डॅशबोर्डवर सिद्धनाथाचं वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं देऊळ होतं. आमच्या गावचा देव, आण्णांचा नाथबाबा. त्याच्या कळसाखाली एक चिमुकला बल्ब असायचा, तो दिवाळीत गेला होता आणि भाड्याच्या गडबडीत आण्णांकडून राहून गेला होता. मुलाखत देऊन आले तेव्हा मी नाथबाबाला बोलले होते, 'हुकूम आला तर तुझा दिवा माझ्या हातानं लावीन.' शनिवारी संध्याकाळी हुकूम आला आणि तासाभरात मी गाडीत बसून नवस फेडला. रविवारी पहाटे आण्णा वऱ्हाड घेऊन निघाले, तेव्हा उजळलेला नाथबाबा बघून हात जोडून उभेच राहिले म्हणे. आईनं सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं.

आताही तो दिवा लागलेला होता, पण पिवळट, थकलेला.

"दिवे, पंखा, काही लावू नका," मी हुकूम सोडला. "हॉर्नसुद्धा नको."

"बरं."

मी तेव्हा फार हुकूम सोडायची. तालुक्यातून आयटीआय केलेली मी पहिलीच मुलगी, त्यात पहिला नंबर. आधीच मर्कट, तशात मद्य प्यालेलं. दोन महिन्यांपूर्वी स्टँडवर आण्णा एका गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत होते, 'आमच्या गाडीचा डायनामो आजून पैल्यासारका हाय.' मी डबा द्यायला गेले होते. सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर म्हणाले, "डायनामो नव्हे हो आण्णा, अल्टरनेटर. डायनामो वेगळा. माहीत नसलं तर सांगू नये माणसानं." सगळे हसले. आण्णाही हसले. घरी आल्यावर मी आईला ती गंमत म्हणून सांगितली.

उतार संपला. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर गेलो असू, आणि बगळीनं पुन्हा मान टाकली. या वेळी ठसकणं नाही, काही नाही. नाथबाबाचा दिवाही काजव्याएवढा उरला.

पावणेदोन वाजले होते. साताऱ्याची एसटी आमच्या पुढे तासभर आधी गेलेली, पुढची चारनंतर. ती साताऱ्यात पोचेपर्यंत साडेसहा. मी मनातल्या मनात हिशेब करत होते आणि तो दर वेळी साडेसहालाच येत होता.

रस्त्याकडेला रोजगार हमीचं काम चाललं होतं. दुष्काळाचं साल, दहा-बारा बाया डोक्याला फडकी बांधून खडी फोडत होत्या. त्यातली एक थोराड बाई हातोडी टाकून आली. तिचं नाव फुलाबाई, ते नंतर कळलं.

"काय वो, गाडी निजली का काय?"

"बॅटरी उतरलीया," आण्णा म्हणाले. "जरा हात लावता का? ही माजी लेक, कालिंदा. साडेपाचच्या आत साताऱ्यात नोकरीला हजर व्हायचं हाय."

"नोकरी? मास्तरीण का?"

"पोरास्नी इजेचं काम शिकवनार हाय. वायरी, मोटारी, समदं." आण्णांच्या आवाजात जे होतं ते आजही माझ्या कानात आहे.

"उटा गं!" फुलाबाईनं मागे बघून हाळी दिली. "बाई नोकरीला चाललीया, ढकलू या!"

आठ-नऊ जणी आल्या. हसत, एकमेकींना ढोसत त्यांनी बगळी पन्नास पावलं पळवली. इंजिन एकदा 'फुस्' म्हणालं आणि थांबलं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. बायांना धाप लागली. फुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून सरळ मनानं म्हणाली,

"आगं, तू इजेचं शिकवनार न्हवं? मग बग की जरा, काय झालंय त्ये!"

बाकीच्या फिसकन हसल्या. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. मी बॉनेट उघडलं. पट्टा दाबून बघितला, ताठ होता. बॅटरीच्या तारा हलवून बघितल्या, घट्ट होत्या. मला बगळीतलं तेवढंच येत होतं. घराचं वायरिंग, मोटारीचं वाइंडिंग डोळे मिटून केलं असतं, पण मोटारगाडी आमच्या अभ्यासक्रमातच नव्हती. हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही सांगितलं नसावं.

"जरा निजू द्या तिला," आण्णा म्हणाले. "बॅटरी थंड झाली की थोडा जीव धरती."

बाया कामावर परतल्या. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. ऊन मी म्हणत होतं. मी पिशवीतून हुकूम काढून पुन्हा वाचला, जसं काही मुदत वाचून वाढणार होती. मग मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं, पण आण्णांना कळलंच.

ते घसा खाकरून म्हणाले, "कालिंदे, येक इचारू का? रागावू नगं."

"विचारा."

"त्यो तांबडा दिवा हाय न्हवं, हितं, बॅटरीचं चित्र काडलेला? चावी फिरीवली की लागतो, गाडी सुरू झाली की इझतो. रोज सकाळी मी त्येची वाट बगतो. त्यो लागल्याबिगार मी सेल्फ मारत न्हाई, सवयच हाय. कालपासनं त्यो लागंना झालाय."

माझं रडू जागच्या जागी थांबलं.

"कालपासून? मग बोलला का नाहीत?"

आण्णांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "सनवारी संध्याकाळी तू हितं बसून कायतरी खटपट करत हुतीस. मला वाटलं, तूच बंद केला आसशील. तू शिकल्याली. आता त्यो लागत नसंल, आसं वाटलं. आन् मला कुटं काय म्हाईत आसतंय त्यातलं?"

शेवटचं वाक्य त्यांनी कुचकेपणानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते साधेपणानं म्हणाले. स्टँडवरचं ते हसू मला तेव्हा, दोन महिन्यांनी, नीट दिसलं. तेव्हापासून आण्णा घरात गाडीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आण्णा," मी म्हणाले, "तो दिवा मी काढलाय."

"काडलास? कुटं ठिवलास?"

मी नाथबाबाकडे बोट केलं.

शनिवारी दुकानं बंद झाली होती. नवस मात्र मला त्याच संध्याकाळी फेडायचा होता. डॅशबोर्डमागे हात घालून चाचपलं. मीटरचे दिवे केव्हाच मेलेले. जिवंत एकच होता, तो बॅटरीच्या चित्राचा. बल्ब साधाच, तांबडेपणा त्याच्यावरच्या काचेचा. गाडी चालताना हा कधी लागत नाही, म्हणजे बिनकामाचा, असा विचार करून मी तो उपटला आणि देवाला वाहिला. पहिल्या नंबराची मुलगी.

"मला वाटलं, तू इकत आनलास," आण्णा म्हणाले.

आणि मग मला वर्गातलं आठवलं. मोठं जनित्र फिरू लागलं तरी आपोआप वीज देत नाही. आधी त्याच्या चुंबकाला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते, तेव्हा ते जागं होतं. परीक्षेत मी यावर अख्खं पान लिहिलं होतं. ती थोडी वीज बगळीत कुठून जात असेल? मी वाकून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. रिकामा होल्डर तसाच लोंबत होता. एक तार चावीकडून आलेली, दुसरी बॉनेटकडे गेलेली.

"आण्णा, ही दुसरी तार कुठं जाते?"

"डायनामोला," ते पटकन म्हणाले आणि लगेच दुरुस्त केलं, "म्हंजी त्या... आल्टर..."

"डायनामोला," मी म्हणाले. "बरोबर. ऐका. चावी फिरवली की बॅटरीची वीज या बल्बातून डायनामोकडे जाते. जाताना बल्ब पेटवते आणि तिकडे पोचून डायनामोला उठवते. तो उठला की बॅटरी भरायला लागतो. मी बल्ब काढला, वाटच तुटली. दोन दिवस डायनामो फिरतोय, पण झोपेत. आपण आहे ती बॅटरी खात बसलो."

आण्णांनी विचार केला. "म्हंजी त्यो दिवा नुसता सांगत न्हाई. काम बी करतो."

"हो."

"मग गाडी सुरू झाल्याव इझतो का?"

"कारण तेव्हा डायनामोकडूनही तेवढाच जोर येतो. इकडून बॅटरीचा, तिकडून त्याचा. मधल्या बल्बातून वीज जाणार कुठं?"

"दोर दोन्हीकडनं सारका वडला की जाग्याव ऱ्हातो, तसं."

"अगदी तसं."

"आन् चालता चालता मदीच लागला तर?"

"तर एक बाजू कमी पडली म्हणायचं."

"ह्ये मला म्हाईत हुतं," आण्णा म्हणाले. "का, त्ये म्हाईत नव्हतं."

"मला का ते माहीत होतं," मी म्हणाले, "पण दिवा लागत नाही, हे तुम्हाला दिसलं."

ते खाली उतरले. चपला काढून तापल्या डांबरावर उभे राहिले आणि देवळाला हात जोडून म्हणाले, "नाथबाबा, पोरीचं काम हुंदे. संध्याकाळी तुजा दिवा तुला." मग माझ्याकडे वळले. "काड. तूच लावलायस, तूच काड. नवस फेडून परत मागून घेनारी तू पयलीच."

मी हसले. कळसाखालून बल्ब काढला, पोटावर आडवी होऊन डॅशबोर्डमागे हात घातला. होल्डरमध्ये तो बसायला तीन वेळा नकार देऊन चौथ्यांदा बसला. साडीला काय काय लागलं ते मी घरी जाऊनच बघितलं.

"फिरवा चावी."

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका उमटला. अगदी मंद. हातांचा आडोसा करून बघावा लागला, पण होता. धोक्याचा दिवा लागला म्हणून जिवात जीव आलेली माणसं जगात आम्ही दोघंच असू.

"फुलाबाई!" आण्णांनी रस्त्यावरून हाक मारली. "आजून येक डाव!"

"या गं," फुलाबाई म्हणाली. "आता नाय निगाली तर बाईला उचलूनच साताऱ्याला न्हेऊ."

या वेळी मीही ढकलायला उतरले. फुलाबाईच्या शेजारी, तिच्या खडीनं फुटलेल्या हातांशेजारी माझे हात. बगळी हलली, पळाली, आण्णांनी क्लच सोडला. एक आचका, दुसरा, आणि इंजिन पकडलं. आण्णांनी रेस वाढवली. मी धावत खिडकीशी गेले. तांबडा ठिपका थरथरला आणि विझला.

"इझला!" आण्णा ओरडले.

"इझला!" मीही ओरडले. बायांना काय विझलं ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. फुलाबाईनं माझ्या कपाळाचा घाम स्वतःच्या पदरानं पुसला आणि म्हणाली, "जा. शिकीव पोरास्नी."

साताऱ्यात पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आण्णांनी गाडी फाटकाशी उभी केली, पण बंद केली नाही. मी पळत सुटले. हजर झाल्याच्या कागदावर सही केली तेव्हा माझ्या अंगठ्याचा काळा ठसा हुकमावर उमटला. तो पुढे एकतीस वर्षं माझ्या सेवापुस्तकाला जोडलेला होता. कारकुनानं विचारलं, "बाई, हे काय?" मी म्हणाले, "प्रात्यक्षिक."

कागदपत्रं, शिक्के, साहेबांची भेट, यात तास-दीड तास गेला. बाहेर आले तर बगळी फाटकाशी घुर्र घुर्र करत उभीच. आण्णा आत ताठ बसलेले, एक पाय रेसवर. चहालासुद्धा उतरले नव्हते. न जाणो, बंद पडली आणि लेकीला परत न्यायची वेळ आली तर.

"झालीस हजर?"

"झाले."

त्यांनी डोळे मिटून अंधारलेल्या नाथबाबाला नमस्कार केला. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता बंद करू का?"

वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस मला विचारत होता, गाडी बंद करू का. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, ते मी गिळलं.

"तुम्हाला काय वाटतं, आण्णा?"

ते दचकले. थोडा वेळ कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला. बॉनेटवर तळहात ठेवून आले. मग बसले आणि म्हणाले, "दीड तास खाल्लंय तिनं. भरली आसंल." आणि चावी बंद केली.

फार शांत वाटलं. त्यांनी पुन्हा चावी फिरवली. तांबडा दिवा लागला, चांगला लखलखीत. सेल्फ मारला. विझला.

बाजारात आण्णांनी दोन बल्ब घेतले. एक तिथंच उभं राहून नाथबाबाला लावला, एक जादाचा माझ्या हातात दिला. मग आम्ही निघालो. कोरेगाव मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "आजून येक सांगायचं हुतं. म्हैनाभर झाला, चढाला डायनामोचा पट्टा बारीक शीळ घालतो. तुला काय वाटतं?"

"कुठल्या चढाला?" मी विचारलं.

आणि आण्णा बोलायला लागले. पट्ट्याचं, गिअरचं, ब्रेक दाबल्यावर डावीकडे ओढण्याचं, कधी पाऊस लागला की कुठली तार कुरकुरते त्याचं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. दहिवडी आली, गेली, तरी ते बोलतच होते. मी मध्ये फक्त विचारत होते. ते डायनामो म्हणत होते, आणि मीही डायनामोच म्हणत होते.